हाडाची खोट

आपल्या भाषेत हाड फार आहे. कुत्र्याला हाकलायचं तर ‘हाड’. जन्माचं वैर ते हाडवैर. पिढीजात नांगर धरणारा तो हाडाचा शेतकरी. मायबापांनी आपल्याला वाढवलं ते हाडाची काडं करून. आणि महाराला वतनात जो तुकडा मिळाला त्याचं नाव हाडकी-हाडवळा. गावातली मेलेली ढोरं ओढायची, फाडायची, हाडं जिथं टाकायची त्या बाजूची ही जमीन, असं जुनी माणसं सांगतात. कागदावरसुद्धा आमच्या वाट्याला हाडच आलं.

तर दोस्तहो, हाडावर बोलायचा हक्क डॉक्टरला जेवढा, तेवढा आपल्यालाही आहे. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर आहे, कंत्राटी. शाळा दहावीला सुटली. कविता करतो हे तुमच्यातल्या काहींना माहीत आहे. आज कविता नाही. आज हाड घडवणाऱ्या पेशीबद्दल लिहितो. ती पेशी घडते कशी, कुणाच्या सांगण्यावरून काम करते, आणि कशानं बिघडते. हे मी हौसेनं वाचलेलं नाही. आमच्या घरातलं एक लग्न या प्रश्नावर अडलं, म्हणून वाचलं.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या अंगाला. बाप वर्षातले सात-आठ महिने बाहेर. आधी ऊसतोडी, मग छावणीच्या बाजारात आणि मोंढ्यात हमाली. माय गावातच. वस्तीला एक हातपंप होता, त्याचंच पाणी. गावाची विहीर दुसऱ्या आळीला. तिथं पाणी शेंदायला कुणी ‘नका येऊ’ म्हणत नव्हतं, पण कुणी ‘या’ही म्हणत नव्हतं. आमची माणसं पंपच हापसत राहिली. मी सहा वर्षांचा असताना माय अक्काला आणि मला घेऊन छावणीत बापाकडं आली. धाकटी बहीण इथं जन्मली. शहराला येतं त्या जायकवाडीच्या पाण्यावर वाढली.

माय आता पंचावन्नची असेल. तिची मान वळत नाही. हाक मारली तर सगळं अंग फिरवून बघते. पाठ आधी फळीसारखी ताठ झाली, मग पुढं वाकली. फडताळावरचा डबा काढायला हात वर जात नाही. खाली बसली तर उठवायला माणूस लागतं. बरीच वर्षं दवाखान्यांनी ‘झीज आहे, वय झालं’ म्हणून गोळ्या दिल्या. चाळिशीत कसलं वय झालं? ते कुणी सांगितलं नाही. माझ्या आणि अक्काच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. धाकटीचे दात पांढरेशुभ्र.

धाकटीला स्थळ आलं. आपल्यातलंच. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. पोरगा चांगला, नोकरीला. आमच्या खोलीवर चहा झाला, पोहे झाले. मग पोराच्या मामाची नजर मायवर गेली. मग माझ्या दातांवर आली. उठताना त्यांनी बापाला बाजूला घेतलं. “पाव्हणं, राग मानू नका. पर तुमच्या खानदानाच्या हाडातच कायतरी खोट हाय. उद्या पोरीच्या लेकरात उतरली म्हंजे?”

आठ दिवसांनी निरोप आला की पोराचं सध्या लग्नाचं मन नाही. माय त्या रात्री जेवली नाही. “माझ्यापायी लेकरूचं अडलं. माझ्या हाडाचं पाप,” एवढंच म्हणली.

मामावर चिडणं सोपं होतं. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. हाडाचा रोग वंशात उतरतो का? काही रोग उतरतात. मग मायचा त्यातला आहे का? आपण विज्ञानाचं नाव घेतो, तर प्रश्नाला उत्तरच शोधलं पाहिजे. धाकटी नागसेनवनात बीएस्सी करते. रात्रपाळी करून आलो की मी तिची पुस्तकं वाचायला लागलो. इंग्रजी अडलं की ती सांगायची. त्यातून जे कळलं ते आपल्या बोलीत मांडतो.

हाड मेलेलं, दगडासारखं असतं असं आपल्याला वाटतं. ढोराची हाडं बघून बघून तसं वाटतं. जित्या माणसाच्या अंगातलं हाड म्हणजे चालू कारखाना आहे. मोठ्या माणसाच्या सांगाड्यात २०६ हाडं. दर वर्षी त्यातला साधारण दहावा हिस्सा मोडला जातो आणि नव्यानं बांधला जातो. मोडणारी पेशी वेगळी, बांधणारी वेगळी. मोडणारीचं नाव ऑस्टिओक्लास्ट, बांधणारीचं ऑस्टिओब्लास्ट. बांधणारी आधी कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे धागे टाकते. मग त्या धाग्यांवर कॅल्शियम आणि फॉस्फेटचा क्षार बसतो. आधी ताणा, मग खळ. धागा कच्चा असेल तर हाड काचेसारखं फुटतं. क्षार कमी पडला तर वाकतं. काही बांधणाऱ्या पेशी काम करता करता आपणच घातलेल्या भिंतीत गाडल्या जातात. त्यांना ऑस्टिओसाईट म्हणतात. त्या तिथं जित्या राहतात, बारीक बारीक हात पसरून एकमेकींना धरून असतात, आणि भिंतीवर किती भार पडतो ते ओळखतात. त्यांच्याकडं पुढं येतो.

आता खरी गोष्ट. आपल्या अंगातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत तोच एक ग्रंथ असतो. जवळपास ३०० कोटी अक्षरांचा. त्यात प्रथिनं बनवायची सुमारे २० हजार जनुकं. डोळ्याच्या पेशीत हाडाचं जनुक आहे. हाडाच्या पेशीत डोळ्याचं आहे. मग डोळा हाड का होत नाही? कारण प्रत्येक पेशी तो ग्रंथ सगळा वाचत नाही. कुठलं पान उघडायचं, कुठलं मिटून ठेवायचं, किती वेळा वाचायचं, यावर पेशी कोण होणार ते ठरतं. याला जनुकांचं नियमन म्हणतात.

आमच्या खात्यात हे रोज दिसतं. कापूस तोच, फ्रेम तीच, चात्या त्याच. फिटर येतो, एक चाक काढून दुसरं बसवतो, आणि त्याच फ्रेमवर दुसऱ्या नंबरचं सूत निघायला लागतं. सूत जाड का झालं हे कळायला नुसता कापूस बघून भागत नाही. चाक कुठलं आहे तेही बघावं लागतं.

हाडाच्या पेशीतलं असं एक मोठं चाक म्हणजे रनएक्स-२ नावाचं जनुक. ज्या मूळ पेशीतून हाडाची पेशी होते, तिच्यातूनच चरबीची होऊ शकते, कूर्चेची होऊ शकते. जन्मतः तिच्यावर काही लिहिलेलं नाही की तू हाडच हो. रनएक्स-२ चालू झालं की ती हाडाच्या वाटेला लागते. हे जनुक एक प्रथिन बनवतं. ते प्रथिन ग्रंथातल्या दुसऱ्या पानांवर जाऊन बसतं आणि ती उघडतं. १९९७ साली हे सिद्ध झालं. ज्या उंदरांत हे जनुक काढून टाकलं त्यांचा सांगाडा सगळा कूर्चेचा निघाला. हाड म्हणून नाही. ती पिल्लं जन्मली आणि श्वास घेता न आल्यानं लगेच मेली. माणसात या जनुकाच्या दोन प्रतींतली एक बिघडली तर हासळीची हाडं अर्धवट राहतात किंवा नसतातच. असा माणूस आपले दोन्ही खांदे छातीसमोर एकमेकांजवळ आणू शकतो. २००२ साली ऑस्टेरिक्स नावाचं दुसरं चाक सापडलं. ते रनएक्स-२ च्या मागून येतं आणि पेशीला पुरतं हाडाच्या कामाला लावतं.

मग रनएक्स-२ ला मुकादम म्हणायचं का? त्याच्यावर कुणी नाही का? आहे. शेजारच्या पेशींकडून निरोप येतात. रक्तातून संप्रेरकं येतात. ‘ड’ जीवनसत्त्व येतं. भार येतो. या सगळ्यांनी मिळून ते चाक फिरतं. कुणीही एकटा मालक नाही. आपल्या धम्मात प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात, कारणं असली की कार्य होतं, कारणं सरली की सरतं. पेशीची रचना वाचताना मला तो शब्द पुन्हा पुन्हा आठवला. तिथं जन्माचा हुकूम कमी, कारणांची साखळी जास्त.

आता भिंतीत गाडलेल्या पेशीकडं येतो. ऑस्टिओसाईट एक प्रथिन बनवते, स्क्लेरोस्टिन. हा बांधकामाचा ब्रेक. तुटलेला धागा जोडायला आम्ही चालत्या चातीला गुडघ्यानं ब्रेक लावतो, तसा. स्क्लेरोस्टिन जास्त तर बांधणाऱ्या पेशी थंड पडतात. भार पडला की त्या जागी ऑस्टिओसाईट स्क्लेरोस्टिन कमी करते, ब्रेक सुटतो, आणि हाड जाड होतं. २००८ साली उंदरांच्या हाडावर भार देऊन हे दाखवून झालं.

माझ्या बापाचा उजवा खांदा बघा. पोती वाहून वाहून हाड रुंद झालंय, वर गाठ आलीय. मोंढ्यात एक व्यापारी कौतुकानं म्हणायचा, “तुम्हा लोकांचं हाडच कष्टाचं. देवानंच तसं घडवलं.” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ऐकून कधी कधी छातीही फुगते. पण त्यात विष आहे. टेनिस खेळणाऱ्या साहेबाचासुद्धा खेळायचा हात दुसऱ्यापेक्षा जाड हाडाचा असतो. क्ष-किरणात दिसतो. त्याला कुणी म्हणत नाही की तुमच्या जातीचं हाडच रॅकेटचं. हाड ओझ्यानं तसं होतं. आधी पाठीवर पोतं ठेवायचं आणि मग म्हणायचं, बघा, यांची पाठ पोत्यासाठीच जन्मली. ही हुशारी जुनी आहे.

ब्रेकची एक गोष्ट मला विसरता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या गोऱ्या आफ्रिकानेर लोकांत एक दुर्मीळ रोग आहे. त्यात हाडं वाढतच राहतात. कवटी एवढी जाड होते की आतल्या नसा दाबल्या जाऊन माणूस बहिरा होतो, चेहरा लुळा पडतो. २००१ साली कळलं की त्यांचं स्क्लेरोस्टिनचं जनुकच मोडलेलं आहे. ब्रेकच नाही. नेदरलँड्समध्ये अगदी तसाच, थोडा सौम्य रोग होता. १९५५ साली व्हान बुकेम नावाच्या डॉक्टरानं तो नोंदवला होता. त्या घराण्यांचं जनुक तपासलं तर ते धडधाकट. एक अक्षर चुकलेलं नाही. मग रोग कशाचा? २००२ साली सापडलं. त्या जनुकापासून दूर, ३५ हजार अक्षरं सोडून, ५२ हजार अक्षरांचा एक तुकडा गायब होता. त्या तुकड्यात कुठलंच प्रथिन लिहिलेलं नव्हतं. लोक अशा भागाला रद्दी समजायचे. तिथं बटण होतं. हाडात स्क्लेरोस्टिन चालू करायचं बटण. ब्रेक शाबूत, पण त्याच्याकडं जाणारी वायर कापलेली.

या गोष्टीचं फळ पुढं सगळ्या जगाला मिळालं. स्क्लेरोस्टिनला अडवणारं औषध तयार झालं आणि २०१९ साली अमेरिकेत हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या बायांसाठी मंजूर झालं. म्हणजे ज्या घराण्यांना ‘खोट’ म्हणून बघितलं गेलं असेल, त्यांच्याच हाडांनी हजारो बायांची हाडं वाचवायची वाट दाखवली.

बांधणाऱ्या पेशीचा सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे कर्करोग, ऑस्टिओसार्कोमा. तो बहुतेक वाढीच्या वयातल्या पोरापोरींना होतो, गुडघ्याजवळ जास्त. त्यात पेशी हाडाच्या वाटेला लागते, पण शहाणी होत नाही. थांबायचा निरोप देणारी पी-५३ आणि आरबी ही जनुकं त्यात बऱ्याचदा बाद झालेली असतात. पेशी नुसती वाढत सुटते, वेडंवाकडं हाड टाकत जाते. पूर्वी पाय कापूनही पाचातलं एखादंच पोर वाचायचं. १९७० नंतर औषधोपचार आला, आणि रोग पसरायच्या आत सापडला तर निम्म्याहून जास्त वाचतात. हे इथं लिहितो कारण आपल्या वस्तीत पोराचा गुडघा सुजला की पडला असेल म्हणून तेल चोळतात. रात्री ठणकणारी, आठवड्यामागून आठवडा न जाणारी सूज असेल तर चोळू नका. एक्सरे काढा.

आता मायचं हाड. तिचा एक्सरे शेवटी एका शिकाऊ डॉक्टरीणबाईनं नीट बघितला. तिनं दुसरं काही विचारायच्या आधी विचारलं, “मावशी, गाव कुठलं? पाणी कुठलं प्यायचात?” एवढ्या वर्षांत पाण्याचं विचारणारी ती पहिलीच. एक्सरेत हाडं नेहमीपेक्षा पांढरी, दाट. कण्याचे मणके एकमेकांना चिकटलेले. जिथं मऊ दोऱ्या असायच्या तिथं चुना जमलेला. तिनं सांगितलं, हा फ्लोरोसिस. पाण्यातलं फ्लोराईड.

आपल्या देशात हा रोग १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात नोंदवला गेला. महाराष्ट्रात नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, बीड या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त सापडलंय. ते कुणी टाकलेलं नाही. खडकात असतं. विहीर उथळ असेल तर बऱ्याचदा कमी लागतं, खोल बोअर खडकात गेलं की जास्त लागू शकतं. पाण्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. त्याच्या वर वर्षानुवर्षं पोटात गेलं की ते हाडात साठतं.

आणि तिथं ते काय करतं? हे वाचून मी चमकलो. ते बांधणाऱ्या पेशीला मारत नाही, चेव आणतं. पेशींवरच्या प्रयोगांत दिसलंय की फ्लोराईडनं ऑस्टिओब्लास्टमधलं जनुकांचं वाचन बदलतं, रनएक्स-२ सकट. पेशी वाढतात, जास्त हाड टाकतात. शिवाय फ्लोराईड क्षाराच्या खड्यातच जाऊन बसतं. हाड जास्त होतं, पण बरं होत नाही. याचा पुरावा अमेरिकेतून आला. हाड दाट करायचं औषध म्हणून तिथं २०२ बायांवर फ्लोराईडची परीक्षा घेतली. निकाल १९९० साली छापला. कण्याच्या हाडाची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. पण कणा मोडायचं थांबलं नाही, आणि हातापायाची हाडं उलट जास्त मोडली. फ्रेम दुप्पट वेगानं पळवली तर सूत जास्त निघतं. पण असल्या सुताला पीळ नाही.

एकाच पंपाचं पाणी पिऊन सगळेच मायसारखे का वाकले नाहीत? याचीही कारणं आहेत. उन्हात राबणारा जास्त पाणी पितो, म्हणजे जास्त फ्लोराईड पितो. ताटात दूध-कॅल्शियम नसेल तर हाड जास्त बिघडतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉक्टरांनी १९७३ साली फ्लोराईडच्या गावांतली गुडघे आत वळलेली पोरं जगापुढं मांडली. माणसामाणसाच्या जनुकांतही थोडा फरक असतो, त्यानं कमी-जास्त होतं. बाप आठ महिने बाहेरचं पाणी प्यायचा. माय बारा महिने पंपाचं. तीन बाळंतपणं, अंगावरचं दूध, दिवसभर उन्हात निंदणी, आणि ताटात भाकरी-मिरची. तिच्या हाडातलं सगळं या हिशोबात बसतं. पाप कुठं बसतं ते मला सापडलं नाही.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या तिघा भावंडांच्या तोंडातच होतं. दाताचं कवच लहानपणी, सातआठ वर्षांच्या आत घडतं. तेव्हा फ्लोराईड जास्त गेलं तर पट्टे उमटतात. नंतर कितीही प्या, नव्यानं उमटत नाहीत. अक्का आणि मी ती वर्षं गावात काढली. धाकटीनं छावणीत. मायबाप तेच. रक्त तेच. पाणी वेगळं. खोट वंशात असती तर तिला छावणीचा पत्ता विचारायची गरज नव्हती.

इथं लेख संपवता आला असता. आम्ही निर्दोष, जयभीम. पण मला तेवढ्यावर थांबवत नाही. समजा, मायचा रोग खरोखरच वंशातला निघाला असता, तर?

कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यात, हंदिगोडू नावाचं गाव आहे. १९७० च्या दशकात तिथं हाडासांध्यांचा एक भयंकर रोग नजरेस आला. खुबे झिजतात, माणूस बसत उठत चालतो, काहींची उंची खुंटते. रोग दिसला तो चलवादी आणि चनंगी या दलित जातींत, भूमिहीन मजुरांत. आधी लोक म्हणाले, भाताच्या खाचरातले खेकडे खातात, त्यात फवारणीचं विष असतं. पुढं संशोधकांनी घराण्यांच्या पिढ्या मांडून दाखवलं की हा रोग वंशातून चालतो. म्हणजे तिथं मामांचं म्हणणं खरं. मग त्या माणसांचं काय करायचं? त्यांना पेन्शन, डॉक्टर, आधाराची काठी आणि मान द्यायचा, का ‘खोट’ म्हणून ओवाळून टाकायचं? आपण फक्त ‘आमच्यात तसलं काही नाही’ एवढंच म्हणत राहिलो तर हंदिगोडूच्या माणसाला आपण कुंपणाबाहेर टाकतो. कुंपणाबाहेर टाकणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि जनुकांची गोष्ट काढायचीच असेल तर पुरी काढू. काही रोग असे असतात की बापाकडून आणि आईकडून, दोन्हीकडून बिघडलेली प्रत आली तरच दिसतात. लग्नं पिढ्यान्‌पिढ्या एकाच छोट्या गोतात होत राहिली की अशा दोन प्रती भेटायची शक्यता वाढते. आपल्या देशातल्या कितीतरी जातींत असं झालंय, हे अलीकडच्या जनुकतपासण्यांनी दाखवलंय. त्यात वरच्या म्हणवणाऱ्या जातीही आहेत. ज्या कुंपणाला ते शुद्धता म्हणतात तिथंच रोग दाटतो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म एका गोष्टीत दाखवलं होतं, ते म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’ लिहिताना, जातीमुळं वंश सुधारतो म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं की मग या देशातली माणसं शरीरानं एवढी खुजी आणि दुबळी का? पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. तेव्हा जनुकाचं रसायन कुणाला उलगडलेलं नव्हतं. त्यांना त्याची गरज पडली नाही. समाज नीट बघितला की पुरतं.

म्हणून आपल्यातल्या त्या मामांसारख्यांना मला विचारायचंय. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या. पण पोरगी बघताना डोळे कुणाचे वापरले? खानदान, कूळ, हाड. हे चष्मे आपण १९५६ साली नागपूरला ठेवून आलो होतो ना? डॉक्टरी तपासणी जरूर मागा, पोराची आणि पोरीची, दोघांची. ते शहाणपण आहे. पण मायच्या पाठीकडं बघून पोरीची किंमत करणं ही जुनी जातपंचायत आहे. नुसती भाषा बदललीय.

मी हे सगळं धाकटीला म्हणलं आणि विचारलं की त्या लोकांना समजावून सांगू का, एक्सरे दाखवू का. ती म्हणाली, “दादा, त्यांना पाण्याचं जरूर सांग. त्यांच्याही गावात बोअर असल. पर माझ्यासाठी नको. माझ्या हाडाचा दाखला मागणाऱ्या घरात मला जायचं नाई.” मायला मात्र तिनंच समोर बसवून सगळं समजावलं. पान, चाक, पाणी, सगळं. मायला किती कळलं ते सांगता येत नाही. शेवटी तिनं एवढंच विचारलं, “म्हंजे पंपावरच्या बाकीच्या बायांचंबी असंच?” तिच्याबरोबरच्या तिघीचौघींची नावं ती घेत बसली. कुणाची कंबर, कुणाची मान.

मायची पाठ आता सरळ होणार नाही. बसलेला चुना औषधानं विरघळत नाही. पाणी बदललं म्हणून पुढचं बिघडणं मात्र मंदावतं. आमच्या वस्तीत अजून लेकरं त्याच पंपावर आहेत. त्यांचे दात अजून घडायचेत.

१९२७ च्या २० मार्चला महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तेव्हा प्रश्न होता, पाणी पिता येतं का. आज त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे. जे पाणी आमच्या वाट्याला दिलं, त्यात काय आहे? वस्तीला पंप देऊन गावाची विहीर वाचवली, असं कुठं कुठं झालं, ते गावोगाव जाऊन बघायचं आहे.

तर कामाचं सांगतो. सुट्टीला गावाकडं जाल तेव्हा स्वच्छ प्लास्टिकची बाटली घेऊन जा. वस्तीच्या पंपाचं पाणी एकीत, गावाच्या विहिरीचं दुसरीत. दोन्हीवर जागा आणि तारीख लिहा. जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत द्या, फ्लोराईड तपासा म्हणून लेखी मागा, पोच घ्या. शाळेतल्या लेकरांचे दात बघा. पट्टेवाले दात जास्त दिसले तर पंपाकडं संशयानं बघा. हनुवटी छातीला लावता येते का, हात मानेमागं जातात का, वाकून पायाच्या अंगठ्याला हात लागतो का, हे मोठ्या माणसांना करून बघायला सांगा. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. तुरटी आणि चुन्यानं ते काढायची पद्धत नागपूरच्या ‘नीरी’नं १९७० च्या दशकात बसवली, नालगोंडा पद्धत म्हणतात. तोही उपाय, पण ती नीट मापानं करावी लागते. दुसरी विहीर किंवा नळाचं लांबचं पाणी मिळवणं सगळ्यात चांगलं. तपासणीचा कागद हातात आला की ग्रामसभेत वाचा. मोठ्यानं वाचा.

मी पुढच्या महिन्यात पाळी बदलून गावाला चाललोय. धाकटी बरोबर येते आहे. मायनं त्या तिघीचौघींची नावं एका चिठ्ठीवर लिहून घ्यायला लावलीत. आधी त्यांच्या घरी जायचं असं तिनं बजावलंय.